हिरव्या पेनाचा हट्ट

मनोविकारांवरील दूरचित्रवाणी मालिकांविषयी नेहमीची तक्रार अशी, की त्यांतला रोगी हिंसक असतो आणि डॉक्टर त्याच्याहून विक्षिप्त. तसल्या मालिकांवर टीका करणे सोपे आहे. अवघड जाते ते चांगल्या मालिकेविषयी बोलणे. तिच्यातले बरेचसे बरोबर असते, आणि त्याच्यासोबत चुकीचेही सहज गळी उतरते.

‘होमलँड’ ही अमेरिकन मालिका (२०११ ते २०२०) अशांपैकी आहे. तिची नायिका कॅरी मॅथिसन सीआयए या गुप्तहेर संस्थेत काम करते. तिला द्विध्रुवीय विकार आहे, म्हणजे कधी उन्माद, कधी खोल नैराश्य आणि अधूनमधून सुरळीत दिवस. तिच्या वडिलांनाही हाच विकार आहे. अल-कायदाच्या कैदेत आठ वर्षे काढून परतलेला ब्रॉडी हा सैनिक शत्रूला मिळाला आहे, असा तिचा संशय. तो जवळजवळ कोणालाच पटत नाही.

पहिल्या पर्वाच्या अकराव्या भागात, बॉम्बस्फोटात जखमी झालेली कॅरी रुग्णालयात आहे आणि तिची औषधे चुकली आहेत. तिला हिरवेच पेन हवे आहे, दुसरे चालणार नाही. शब्दांमागून शब्द धावतात, एक विचार पुरा होण्याआधी दुसरा येतो, कोणी अडवले की ती चिडते. क्लेअर डेन्स या अभिनेत्रीला या भूमिकेसाठी २०१२ आणि २०१३ साली एमी पुरस्कार मिळाले, ते योग्यच. उन्मादाची लक्षणे पाठ्यपुस्तकात वाचून जेवढी समजतील त्याहून अधिक या प्रसंगातून समजतात.

पुढे काय होते? तिचे वरिष्ठ सॉल बेरेन्सन ते रंगीबेरंगी कागद रंगांप्रमाणे लावून भिंतीवर चिकटवतात. त्यातून दहशतवाद्यांच्या म्होरक्याच्या हालचालींचा कालपट उभा राहतो, आणि त्यातला एक रिकामा काळ हाच महत्त्वाचा दुवा ठरतो. म्हणजे उन्मादात केलेला पसारा हाच पुरावा! आमचा आक्षेप येथे आहे. कॅरीला वेड लागले आहे की तिचे म्हणणे खरे आहे, असा प्रश्न मालिका प्रेक्षकांपुढे ठेवते. जणू दोन्हींपैकी एकच शक्य आहे.

निदान असे होत नाही. झोप किती कमी झाली आहे, बोलणे आवरता येते का, उधळपट्टी किंवा जिवावरचे धाडस चालले आहे का, हे वागणे त्या व्यक्तीच्या एरवीच्या स्वभावाहून वेगळे आहे का, आणि ते किती दिवस टिकले, हे डॉक्टर पाहतात. सामान्यतः आठवडाभर टिकलेली किंवा रुग्णालयात दाखल करावे लागण्याइतकी तीव्र अवस्था उन्माद मानली जाते. ब्रॉडीविषयीचा संशय खरा निघाला म्हणून यांतले एकही लक्षण पुसले जात नाही. तापात बडबडणाऱ्या मुलाने एखादे गणित बरोबर सांगितले, तर त्याचा ताप उतरला असे आपण म्हणतो का?

हाच घोटाळा औषधांबाबत होतो. सुरुवातीला कॅरी क्लोझापिन हे औषध अ‍ॅस्पिरिनच्या बाटलीत लपवून ठेवते. तिची डॉक्टर बहीण ते गुपचूप पुरवते. क्लोझापिनमुळे काही रुग्णांत पांढऱ्या रक्तपेशी धोकादायक प्रमाणात घटतात. त्यामुळे २०११ साली अमेरिकेत रक्ततपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय औषधाच्या दुकानातून ते मिळत नसे. चोरून घेण्यासारखे हे औषध नव्हे. पाचव्या पर्वात तर आपला वैरी शोधून काढायला डोके तल्लख चालावे म्हणून कॅरी औषधे मुद्दाम थांबवते. त्या भागाचे नावच ‘सुपर पॉवर्स’! त्याच भागात तिची अवस्था बिघडते हे दाखवले आहे, एवढे श्रेय दिले पाहिजे. पण लक्षात राहते ते नाव. औषधाने बुद्धी बोथट होते असे मानून लिथियम एकदम सोडणारे रुग्ण खरोखरच असतात, आणि तसे केल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो.

विजेच्या उपचाराबाबत मात्र मालिका जुन्या चित्रपटांच्या पुढे आहे. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी हा उपचार प्रथम केला, तेव्हा भूल दिली जात नसे. झटक्यांनी हाडेही मोडत, आणि चित्रपटांनी तेच भय पुढे चालवले. कॅरी स्वतःच्या संमतीने हा उपचार घेते, तोही भूल घेऊन. (आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध यांवाचून तो करण्यास बंदी आहे.) उपचाराच्या आगेमागच्या आठवणी पुसट होतात, कधी आधीच्या काही महिन्यांतल्याही, हे खरे आहे. पण शुद्ध हरपण्याच्या क्षणी कॅरीला नेमका महत्त्वाचा धागा आठवावा आणि आता तोच जाणार म्हणून आपण हळहळावे, ही पटकथेची गरज. अशा वेळी उपचार हा खलनायक ठरतो, आणि त्याने तीव्र नैराश्यातून बाहेर पडणाऱ्यांची बाजू मागे राहते.

मालिका प्रौढांसाठी आहे, म्हणून ती सबंध दाखवा असे आम्ही म्हणणार नाही. पण वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हिरव्या पेनाचा प्रसंग दाखवता येईल. सॉल कागद भिंतीवर लावू लागण्याआधी चित्रफीत थांबवावी आणि विचारावे: या बाई आजारी आहेत की नाहीत हे ठरवायला तुम्ही त्यांच्या बहिणीला कोणते प्रश्न विचाराल? उत्तरे फळ्यावर लिहून घ्यावीत. ब्रॉडीविषयीचा प्रश्न त्यांत किती जणांकडून येतो, ते पाहावे.