बॉम जेझूचा उतरविलेला गिलावा

जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्च पाहून येणारे बहुतेक जण त्याच्या तांबड्या, उघड्या दगडाची स्तुती करितात. ही स्तुती चुकीच्या पुराव्यावर उभी आहे, असे माझे नम्र मत आहे. 1594 साली जेझुइटांनी आरंभिलेली व 1605 साली पवित्र केलेली ही वास्तू शतकानुशतके चुन्याच्या गिलाव्यात होती. ती अधिक प्राचीन दिसावी म्हणून 1950 नंतरच्या दशकात पोर्तुगीज राजवटीने तो गिलावा उतरविला.

आमच्या पांढुर्णा-सौंसरकडील दृष्टी काळ्या पाषाणावर घडलेली. तो पाषाण ऊनपाऊस झेलीत उघडा उभा राहतो. गोव्याचा जांभा सच्छिद्र; तो पाणी पितो आणि पावसाच्या माऱ्याने कणाकणाने झिजतो. बांधणाऱ्यांस हे पुरते ठाऊक असावे. दर्शनी भागातील कोरीव कामासाठी त्यांनी काळा दगड वसईहून आणविला. जांभ्याच्या भिंतींवर मात्र चुना चढविला. प्रत्येक दगडास त्याच्या स्वभावाप्रमाणे वागविले.

आता तांबडा रंगच लोकांच्या ओळखीचा झाला असल्याने गिलावा पुन्हा चढवू नये, असा युक्तिवाद होतो. दीर्घ भोगवट्याने हक्क निर्माण होतो हे खरे. पण मिळकतच झिजविणाऱ्या भोगवट्यास त्या तत्त्वाचा आधार देववत नाही. 2020 साली तेथील धर्मगुरूंनीच या झिजेकडे पुरातत्त्व खात्याचे लक्ष वेधले होते. गिलावा परत यावा, हाच माझ्या मते न्याय होय.

सोळाव्या शतकात श्रीमंगेशास कुशस्थळी सोडून नदीपार यावे लागले, हे आपण विसरणार नाही, विसरूही नये. परंतु इतिहासाचा रोष भिंतीवर काढून काय साधणार? मंगेशी येथील देवालयही गिलावा व रंग लेवून उभे आहे. त्यामुळे ते कमी प्राचीन, कमी पवित्र असे कोणी म्हणत नाही.

याउलट, काळ्या पाषाणाच्या जुन्या देवळांवर आपण भक्तिभावाने ऑइलपेंट फासतो आणि कोरीव काम बुजवून टाकितो. तेथे झाकणे चूक, येथे उघडे करणे चूक. जीर्णोद्धार समित्यांनी पहिल्या सभेतच गवंड्यास बोलावून, आपला दगड कोणत्या जातीचा आहे एवढे तरी विचारावे. रंगाचा ठराव त्यानंतर मांडावा.