सौम्य, तीव्र आणि ‘आमच्यानंतर’

ऑटिझमसाठी ‘स्वमग्नता’ हा शब्द मराठीत आता चांगला रुळला आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या हिंदी नावात त्याच्यासाठी ‘स्वपरायणता’ असा शब्द आहे. कर्तव्यपरायण, धर्मपरायण हे शब्द ओळखीचे असलेल्या मराठी वाचकाला तो जवळजवळ आरोपासारखा ऐकू येईल. बंगालीत ‘आत्मसंवृति’ हा पारिभाषिक शब्द आहे खरा, पण कोलकात्यातले आईबाप बोलताना ‘ऑटिझम’च म्हणतात. अनुवाद करताना मला मात्र या नामापेक्षा त्याच्या आधी लागणाऱ्या दोन विशेषणांनी जास्त अडवलं आहे. ती म्हणजे सौम्य आणि तीव्र.

सौम्य आपण उन्हाला म्हणतो, स्वभावाला म्हणतो, भूकंपाच्या धक्क्यालाही म्हणतो. प्रत्येक वेळी बोलणारा स्वतःला किती झळ बसली ते सांगत असतो. दिवसभर कार्यालयात नीट वागून संध्याकाळी घरी एक शब्दही न बोलू शकणाऱ्या माणसाचा ऑटिझम सहकाऱ्यांसाठी सौम्य असतो. त्याने सांगितलंच तर उत्तर मिळतं, ‘तुमच्याकडे पाहून वाटत नाही हं.’ कोलकात्यात हेच ‘ओर तो माइल्ड’ या तीन शब्दांत उरकतं. उलट, न बोलणाऱ्या, ओरडणाऱ्या, स्वतःचं डोकं आपटून घेणाऱ्या मुलाबद्दल सगळ्यांची लगेच खात्री पटते आणि त्या खात्रीपाशीच कुतूहल संपतं. पहिल्यावर विश्वास ठेवला जात नाही, दुसऱ्याचं ऐकलं जात नाही.

मोजमाप लागतं, हे मान्य. भारतात त्यासाठी ‘इसा’ ही मापनपद्धती वापरतात. तिच्यात ४० बाबी आहेत आणि प्रत्येकीला १ ते ५ गुण. बेरीज ७० ते १०६ असली तर सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. १०६ आणि १०७ यांच्यात एका गुणाचं अंतर आहे, पण विशेषण बदलतं. प्रमाणपत्रासाठी अशी रेघ कुठेतरी ओढावीच लागते. लोकांची समजूत मात्र गुणपत्रिकेवरून होत नाही, गोष्टींवरून होते. म्हणून दोन गाजलेल्या हिंदी चित्रपटांकडे पुन्हा पाहावंसं वाटतं.

करण जोहरच्या ‘माय नेम इज खान’मधल्या (२०१०) रिझवानला अ‍ॅस्परगर सिंड्रोम आहे. हे वेगळं निदान अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणातून २०१३ साली गेलं आणि एकाच व्यापक पटात मिसळलं. रिझवानची आई वारते, तो भावाकडे अमेरिकेत जातो, प्रेमात पडतो, संसार थाटतो आणि पुढे राष्ट्राध्यक्षांना भेटण्यासाठी देशभर प्रवास करतो. आईच्या मृत्यूनंतर त्याची गोष्ट सुरू होते. त्याच्या वाट्याला वाट आहे आणि वाटेवर सिद्ध करायला काहीतरी आहे. तो यंत्रं दुरुस्त करतो, पुरात सापडलेल्यांना मदत करतो. प्रेक्षक त्याचं वेगळेपण मान्य करतो, पण फुकट नाही. त्याच्या चांगुलपणाची आणि कर्तबगारीची किंमत वसूल करूनच मान्य करतो.

अनुराग बसूच्या ‘बर्फी!’मधली (२०१२) झिलमिल अगदीच मोजकं बोलते. गोष्ट सत्तरच्या दशकातली, दार्जिलिंग आणि कोलकात्यातली. घरच्यांनी तिला ‘मुस्कान’ नावाच्या संस्थेत ठेवलेलं आहे, आणि तिच्या नावे ठेवलेला पैसा मिळवण्यासाठी तिच्या अपहरणाचा बनाव खुद्द वडील रचतात. चित्रपटाच्या गोड रंगांत हा धागा झाकला जातो, पण मला तोच सगळ्यात खरा वाटतो. ज्याला स्वतःचा व्यवहार सांभाळता येत नाही त्याचा पालक कोण, आणि पालकच चोर निघाला तर काय? १९९९च्या कायद्यात अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमण्याची आणि त्याने मालमत्तेची अफरातफर केली तर त्याला काढण्याचीही तरतूद आहे. झिलमिलच्या काळात हा कायदा नव्हता.

चित्रपटाचा शेवट मात्र या प्रश्नातून अंग काढून घेतो. म्हातारा बर्फी रुग्णालयात शेवटच्या घटका मोजतो आहे, झिलमिल त्याच्या शेजारी झोपते आणि दोघं एकदमच जातात. चित्रपटगृहात या क्षणी डोळे पुसले जातात. मला तो क्षण निर्दय वाटतो. ‘आमरा ना थाकले ओर की होबे?’ हा कोलकात्यातल्या घराघरांत कुजबुजला जाणारा प्रश्न, आम्ही नसलो तर याचं काय होईल, इथे सुटत नाही, नाहीसा केला जातो. सांभाळणाऱ्याच्या मागे झिलमिलला एक दिवसही जगायला लागू नये, अशी ही तजवीज आहे. सौम्य ठरलेल्याला प्रवास मिळतो, तीव्रतेकडे झुकलेलीला सुंदर मरण.

या दोन साच्यांत न मावणारा एक लेखक आपल्याकडेच झाला. १९८९ साली बंगाली कुटुंबात जन्मलेला टिटो राजर्षी मुखोपाध्याय जवळजवळ बोलत नव्हता. त्याचं ‘बियाँड द सायलेन्स’ २००० साली लंडनहून प्रसिद्ध झालं. त्याला अक्षरांच्या पाटीवरून लिहायला शिकवलं ते त्याच्या आईने, सोमाने. पुढे तिची पद्धत इतर मुलांसाठी वापरली जाऊ लागली तेव्हा शब्द मुलाचे की मदतनिसाचे, हा वाद उभा राहिला, आणि अमेरिकेतल्या वाचा-भाषातज्ज्ञांच्या संघटनेने २०१८मध्ये ती वापरू नये असं स्पष्ट सांगितलं. जपानच्या नाओकी हिगाशिदाच्या पुस्तकाभोवतीही असाच संशय आहे. ते इंग्रजीत आणणारे डेव्हिड मिचेल आणि के. ए. योशिदा हे स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे आईवडील. अनुवादकाला मूळ आवाज हवाच असतो. आईबाप असलेल्या अनुवादकाला तो किती हवा असेल! संशय रास्त आहे, तो पुसू नये. पण वाचक म्हणून आपली घाईही पाहावी. आतून लिहिलेलं सुंदर पुस्तक मिळालं तरच आत माणूस आहे असं आपण मानणार का?

२०२१मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने, ज्यांना चोवीस तास कुणीतरी जवळ लागतं अशांसाठी ‘प्रोफाउंड’ हे विशेषण सुचवलं. या मुलांचे अनेक पालक म्हणाले, एवढ्या मोठ्या पटात आमची मुलं दिसेनाशी होतात. अनेक ऑटिस्टिक प्रौढ म्हणाले, पुन्हा आमच्यात रेघ नको. दोघांचंही दुखणं खरं आहे. मराठीत मात्र ‘गहन’ म्हटलं की विचार आठवतो, ‘खोल’ म्हटलं की पाणी. मी तूर्तास लांबलचकच लिहिते: ‘ज्याला सतत सोबत लागते असा’. वाक्य जड होतं, पण निदान ते गरजेबद्दल बोलतं.

सध्या मी इथल्या एका आईची बंगाली टिपणं मराठीत आणते आहे. मुलगा तिशी ओलांडलेला, न बोलणारा. टिपणांत प्रतिभा नाही, चमत्कार नाही. भात किती मऊ हवा, कुकरच्या शिट्टीआधी त्याला कुठल्या खोलीत न्यावं, कोणता आवाज दाढदुखीचा आणि कोणता नुसत्या कंटाळ्याचा. हे तिने वाचकांसाठी लिहिलेलं नाही, तिच्यानंतर जो कोणी येईल त्याच्यासाठी लिहिलं आहे. कंटाळ्याच्या आणि दुखण्याच्या आवाजांतला फरक टिपणारं हे गद्य मी साहित्य म्हणूनच वाचते. त्यात मुलगा तीव्रही नाही, सौम्यही नाही. तो सकाळी उठतो, त्याला गरम भात लागतो, आणि आईनंतरही लागणार आहे.