गोव्यातील संशोधन आणि साखरखेर्ड्यातील ताप

हिवतापाचा धडा संपत आला असताना नववीतील एका मुलाने विचारले, “सर, माझ्या वडिलांना ताप गोव्यात आला होता. तिथे ते बरे झाले. मग इथे साखरखेर्ड्यात पुन्हा कसा आला? इथला डास चावला का?” त्या दिवशी मी त्याला नीट उत्तर दिले नाही. आकृतीत रक्त होते, डास होता. यकृत एका बाणापुरतेच होते.

या प्रश्नामुळेच मी गोव्यातील संशोधनाकडे वळलो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मदतीने २०१० मध्ये जगात हिवताप संशोधनाची दहा केंद्रे सुरू झाली. दक्षिण आशियाचे केंद्र सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक प्रदीपसिंह राठोड यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे त्याचे एक मुख्य ठिकाण होते. रुग्णाच्या रक्तातील परजीवी तेथेच जिवंत वाढवणे, गोठवून साठवणे आणि औषधांना ते कितपत दाद देतात हे तपासणे, ही कामे स्थानिक तंत्रज्ञांना शिकवली गेली. नमुने परदेशी पाठवून निष्कर्षांची वाट पाहण्यापेक्षा ही रीत निश्चितच चांगली. त्याबद्दल या केंद्राला पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

माझी तक्रार पुढची आहे. याच केंद्राच्या अभ्यासात दिसले, की बांबोळीला येणाऱ्या हिवतापाच्या रुग्णांत बाहेरून कामाला आलेल्या तरुण पुरुषांचा वाटा मोठा होता. हे पुरुष पावसाळ्याच्या तोंडावर गावी परततात. त्यांच्यापैकी कोणाला व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप झाला असेल, तर परजीवीचे काही अंश यकृताच्या पेशींत निपचित पडून राहतात. त्यांना मारणारे औषध म्हणजे प्रायमाक्विन. ते चौदा दिवस घ्यावे लागते. पण ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उतरतो आणि रोजंदारी बुडवून कोण दवाखान्यात जाणार? गोळ्या खिशातच राहतात. काही महिन्यांनी परजीवी जागा होतो, तेव्हा माणूस गोव्यात नसतो. त्या मुलाच्या प्रश्नाचे हेच उत्तर असण्याचा संभव अधिक. एकही डास न चावता ताप आला. मात्र आता त्याला चावणारा इथला डास तो दुसऱ्यापर्यंत नेऊ शकतो.

म्हणजे रोग्याच्या प्रवासाच्या एका टोकाला परजीवीची जनुके वाचणारी माणसे तयार झाली. दुसऱ्या टोकाला कोण आहे? काचपट्टीवरील रक्ताचा जाड थर तपासून, किमान शंभर दृश्यक्षेत्रे पाहून ‘परजीवी नाही’ असे लिहिणारा तंत्रज्ञ. रोग कमी होत जातो तशी त्याची परीक्षा कठीण होते. शेकडो काचपट्ट्यांत काहीच न दिसल्यावर डोळा सैलावतो, आणि नेमकी तीच वेळ एकही रुग्ण सुटू न देण्याची असते. श्रीलंकेत १९६३ मध्ये अवघे १७ रुग्ण उरले होते. देखरेख ढिली झाली आणि १९६८-६९ मध्ये आकडा पाच लाखांवर गेला. आपल्याकडेही साठीच्या दशकात रुग्ण लाखाच्या आसपास आले होते, ते १९७६ मध्ये ६४ लाखांवर पोहोचले.

आता २०२७ अखेर स्थानिक रुग्ण शून्यावर आणण्याचे व २०३० पर्यंत हिवताप देशातून घालवण्याचे उद्दिष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी सलग तीन वर्षे शून्य टिकवावे लागते. ते टिकवायचे कोणी? हे प्रशिक्षण एका वैद्यकीय महाविद्यालयापुरते राहून चालणार नाही. आमचा जिल्हा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी डासाचे मुखांग वहीत काढतात. ओढ्यातील डबक्यातून अळ्या आणून ओळखायला कितीजणांना सांगितले जाते? ग्रामीण भारतातील मुख्य वाहक ॲनॉफेलिस क्युलिसिफेसीज हा दिसायला एक, पण प्रत्यक्षात पाच जातींचा समूह आहे. त्यांतील ‘बी’ जात हिवताप जवळजवळ पसरवत नाही. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील सरला सुब्बाराव व सहकाऱ्यांनी गुणसूत्रांवरून यांतील काही जाती वेगळ्या ओळखल्या. कोणत्या गावात कोणती जात आहे, यावर फवारणीचा खर्च सार्थकी लागतो की वाया जातो हे अवलंबून असते. पदवीच्या विद्यार्थ्यांना असे काम देण्यास सिएटलची परवानगी लागत नाही.

आणखी एक खटकते. या संशोधनाविषयी मराठीत लिहिलेले चार पानांचे टिपणही माझ्या हाती आले नाही. ज्यांचे रक्त काचेवर घेतले, त्यांची मुले आमच्या वर्गात बसतात.

यंदा धडा शिकवताना मी फळ्यावर आधी यकृताची पेशी मोठी काढली. तिच्यात एक झोपलेला परजीवी काढून शेजारी लिहिले : ‘गोळ्या – चौदा दिवस’. मग पुढे डास काढला.