चित्रातला खानदेश आणि चित्राबाहेरचा माणूस

'खानदेशातील चित्रकार' अशा नावाखाली जळगाव-धुळ्याच्या लहान कलादालनांतून भरणारी समूहप्रदर्शने मी पाहत आलो आहे. मुंबईच्या जहांगीरपर्यंत पोहोचण्याचे बळ नसलेल्या कलावंताला या चार भिंती मोलाच्या आहेत. त्यांना कुणी हिणवू नये. परंतु स्वागत करून थांबणे ही समीक्षा नव्हे. या भिंतींवर टांगला जाणारा खानदेश कुणाचा, हे आपण विचारलेच पाहिजे.

तापीचा काठ, केळीच्या बागा, सातपुड्यातील पावरा स्त्री, पागोटेवाला म्हातारा हे विषय पुनःपुन्हा येतात. केळीची बाग हिरवीगार रंगवलेली असते. तो घड कापून खांद्यावर वाहणारा मजूर मात्र त्या हिरव्या रंगात सापडत नाही. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून निघत नाही, हे त्याच्या घरातल्या बाईला ठाऊक असते, चित्राला नसते. पावरा स्त्रीचे चांदीचे दागिने बारकाईने रेखाटले जातात, चेहरा मात्र कुणाचाही चालतो. प्रदेश आला आणि माणूस गळला, तर त्या कलेला प्रादेशिक कशी म्हणावी?

चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) हे टेबलटॉप छायाचित्रणातले मोठे नाव. घराबाहेर क्वचितच पडणाऱ्या या कलावंताने टेबलावर वस्तू मांडून अख्खी दृश्ये उभी केली. ती रचलेली आहेत, याची कबुली त्या प्रकाराच्या नावातच आहे. आपल्या प्रदर्शनांतले खेडेही असेच टेबलावर मांडलेले असते. पण ते खरे म्हणून दाखवले जाते. त्यात गावकूस नसते, म्हणून गावकुसाबाहेरचेही कुणी नसते.

दुसरा प्रश्न हातांचा. धुळ्याजवळच्या गोंदूर गावी १९२५ साली सुतारकाम करणाऱ्या घरात जन्मलेले राम सुतार जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि थोर शिल्पकार झाले. गुजरातेतला १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा त्यांचाच. त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्यांच्या वाटचालीतून व्यवस्थेचा नियमही दिसतो. जातीच्या धंद्यातला हात कलाशाळेच्या दारातून गेल्यावरच कलावंताचा ठरतो. टोपली विणणारा बुरूड, दोर वळणारा मांग, मोट शिवणारा चांभार यांच्या हातातला घाट आणि प्रमाण कलादालनाच्या उंबऱ्याबाहेर राहिले. त्यांना नाव मिळाले 'कारागीर'. कला आणि कारागिरी यांच्यातली ही रेघ सौंदर्यशास्त्राच्या नावावर खपवली जाते; आखली आहे ती जातीने. ती जुनीही आहे. जवळच्या अजिंठ्यात सोळाव्या लेण्याच्या लेखात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचे दान कोरलेले आहे. भिंत रंगवणाऱ्याचे नाव त्यात नाही.

ही कोंडी फुटत नाही असे नाही. जळगावचे चित्रकार राजू बाविस्कर यांनी 'काळ्यानिळ्या रेषा' या लेखनातून आपल्या रेषेमागचे जगणे मांडले. चित्र काढणारा हात कोणत्या वस्तीतून येतो, हे तिथे झाकलेले नाही. समूहप्रदर्शनांनी ही हिंमत केव्हा दाखवायची?

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेबांचा मुक्काम होता. त्या आठवणीने दरवर्षी त्या तारखेला तेथे आपली माणसे जमतात. माझी सूचना साधी आहे. एक समूहप्रदर्शन त्या दिवशी लळिंगला भरवा. केळीच्या बागेचे चित्र ज्याच्या सदऱ्यावर चीक वाळला आहे त्याच्यासमोर ठेवा आणि तो काय म्हणतो ते ऐका. चित्रकला शिकवणाऱ्या शिक्षकांनीही वस्तीतल्या मुलांना निसर्गदृश्याआधी आपल्या आईचे हात काढायला सांगावे. आजवर 'समूह' हा शब्द चित्रकारांपुरता राहिला. तो पाहणाऱ्यांपर्यंत आणि राबणाऱ्यांपर्यंत गेला, तरच पाटीवरचे 'खानदेश' हे नाव शोभेल.