रोगाचें नांव आणि विषाणूचें नांव

ज्ञानकोश पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोणी वाचीत नाहीं. अडलेला मनुष्य त्याच्या दाराशीं येतो आणि दारावरची पाटी वाचून आंत शिरतो. ही पाटी म्हणजे लेखाचें शीर्षक. पाटीच चुकली तर आंतील विवेचन कितीहि व्यासंगपूर्ण असो, त्या मनुष्यास त्याचा उपयोग नाहीं. म्हणून शीर्षकाचा प्रश्न केवळ संपादकीय सोयीचा मानतां येत नाहीं.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा उद्योग आमच्या शेजारच्या नागपुरांत आरंभिला, तेव्हां विषाणूंचें स्वरूप उलगडलें नव्हतें. देवी, गोवर, कांजिण्या हीं घरोघरचीं नांवेंच कोशकारापुढें होतीं. १९७६ सालीं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला, तोंपर्यंत या रोगांमागचे विषाणु नांवनिशीवार ओळखले गेले होते. अशा वेळीं एक युक्तिवाद सहज सुचतो, आणि तो विद्वानांच्या तोंडूनहि ऐकूं येतो: कारण कळल्यावर कार्याला निराळें शीर्षक कशास? विषाणूचें शास्त्रीय नांव द्यावें आणि रोग त्याच्या पोटांत घालावा. हें मत दिसावयास तर्कशुद्ध आहे. परंतु आमच्या मतें तें चूक आहे.

पहिली अडचण अशी, कीं कारण आणि कार्य यांची जोडी एकास एक जमत नाहीं. कांजिण्यांचा विषाणु शरीरांत वर्षानुवर्षें दबा धरून बसतो आणि पुढें केव्हां तरी नागीण होऊन बाहेर पडतो. विषाणु एक, रोग दोन. उलट कावीळ हें नांव एक, पण ती आणणारे विषाणु अनेक.

सर्वांत बोलका दाखला आमच्याच भागांतला आहे. १९६५ सालीं नागपुराकडे डेंग्यू व चिकुनगुन्या यांची साथ असतां दोन ज्वरग्रस्तांच्या रक्तांत पुण्याच्या संशोधकांस एक नवा विषाणु आढळला. चांदीपुरा या गांवावरून त्याचें बारसें झालें. पुढें बराच काळ हें नांव विद्वानांच्या टिपणांत निजून राहिलें. २००३ सालीं आंध्र प्रदेशांत ३२९ मुलें मेंदूच्या विकारानें आजारी पडलीं, त्यांतील १८३ दगावलीं, आणि तपासांत बोट याच विषाणूकडे वळलें. २००७ सालीं नागपूर विभागांतील मुलांनाहि त्यानें गांठलें. अडतीस वर्षें विषाणूला नांव होतें. त्याचा घातकपणा मात्र फारसा कोणास ठाऊक नव्हता. लोकांनीं त्या दुखण्यास म्हटलें तें मेंदूज्वरच.

आतां भंडारा जिल्ह्यांतील एखाद्या बापाची कल्पना करा. तापानें फणफणलेलें मूल दवाखान्यांत आहे, आणि मेंदूज्वर एवढा एकच शब्द त्याच्या हातीं आहे. धानाच्या बांधींतील पाण्यावर वाढणारा डास जपानी मेंदूज्वर पसरवितो. त्यावर लस आहे. भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी चांदीपुऱ्याचा विषाणु आणते. त्यावर अद्याप लस नाहीं. ‘लस तर टोचली होती’ या त्याच्या भाबड्या विश्वासाचें उत्तर ‘मेंदूज्वर’ या शीर्षकाखालींच असावयास हवें. ‘चांदीपुरा’ या पाटीकडे तो वळणार तरी कसा?

देवीचा रोग १९८० सालीं जगांतून गेल्याचें जाहीर झालें. तिचा विषाणु अमेरिकेंत व रशियांत एकेका प्रयोगशाळेंत अजून कोंडून ठेवलेला आहे. रोगाविषयीं भूतकाळांत आणि विषाणूविषयीं वर्तमानकाळांत लिहावें लागतें. त्यांना एका शीर्षकाखालीं कसें बसवावें? २०२० च्या फेब्रुवारींत कोविड हें रोगाचें नांव एका संस्थेनें ठेविलें, आणि त्याच्या विषाणूचें दुसरीनें. हा भेद शास्त्रज्ञांसहि मान्य आहे.

लहानशा कोशांत गोवराचा विषाणु गोवराच्या लेखांत सामावला तर कांहीं बिघडत नाहीं. परंतु सामान्य नियम असा असावा: रोगाचें शीर्षक लोकांच्या तोंडचें, विषाणूचें शास्त्रज्ञांचें, आणि दोहोंत एकमेकांकडे बोट दाखविणारें ‘पाहा’. विषाणूस त्याच्या वंशावळीची जागा अवश्य द्यावी. मात्र आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्या माणसास आधीं वाट दाखवावी.