शेवटचा अंतरा

लोकप्रिय गाण्यांच्या याद्या आता आठवड्यागणिक प्रसिद्ध होतात. कोणते नवे गाणे पहिल्या क्रमांकावर चढले, ते किती कोटी वेळा वाजले, याची चर्चा आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वसतिगृहांतही चालते. तरुणांनी ती करू नये असे मी म्हणणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ही यादी नेमके काय मोजते, आणि मोजताना काय गाळते?

मोजणीचा नियम पाहा. स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद ऐकले गेले की ते एकदा वाजले असे धरतात. म्हणजे मुखडा कानावर पडला की हिशेब पुरा झाला. पुढचे अंतरे कोणी ऐकले की नाही, याच्याशी त्या आकड्याला कर्तव्य नाही. साहजिकच नवी गाणी मुखड्यासाठीच बांधली जाऊ लागली आहेत.

आता आपल्या भीमगीताची घडण पाहा. वामनदादा कर्डकांच्या (१९२२–२००४) गीतांत कवीचे नाव बहुधा शेवटच्या अंतऱ्यात येते. ही नाममुद्रेची रीत जुनी आहे. चोखोबांनी अभंगात आपले नाव गोवले, शाहिरांनी कवनात गोवले. ज्या माणसाचे नाव ना जमिनीच्या कागदावर होते ना ग्रंथाच्या मुखपृष्ठावर, त्याने आपली नोंद गाण्यातच करून ठेवली. शेवटचा अंतरा हा त्याचा सातबारा होता.

१९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे यांचे आवाज खेडोपाडी पोचले. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचे नाव बारीक, हे तेव्हाही होतेच. पण गाणे अखंड वाजे, म्हणून कवी वाचला.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्या सोहळ्यात पुढाकार होता. दर ऑक्टोबरला त्या दीक्षाभूमीवर लोक जमतात आणि गाणी वाजतात. तिथे मी ऐकतो ते असे: मुखडा चार वेळा, मग डीजेचा ठोका, मग दुसऱ्या गाण्याचा मुखडा. शेवटचा अंतरा येतच नाही. ठोक्याला माझा विरोध नाही. जलशातही ढोलकी होतीच. पण जलशातले गाणे विचार सांगण्यासाठी होते, आणि विचार मुखड्यात संपत नाही. मुखड्यात जयजयकार असतो. शिक्षण, संघटना, कर्ज, दारू यांविषयीचे बोलणे अंतऱ्यांत असते. अंतरे कापले की बाबासाहेबांची फक्त आरती उरते.

हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एंजामी’ हे तमिळ गाणे आले आणि देशभर गाजले. चहामळ्यांत राबलेल्या भूमिहीन पूर्वजांची वेदना त्यात दलित कवी अरिवू याने मांडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’ने मुखपृष्ठावर गायिका धी हिला आणि दुसऱ्या एका गायकाला स्थान दिले; अरिवू तिथे नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर हरकत घेतली. गाणे सर्वांचे झाले, पण ज्याने लिहिले तो बाहेर राहिला. प्रस्थापित बाजाराला आपले शब्द चालतात. शब्दांचा धनी मात्र अडचणीचा वाटतो.

मग मोबाइल फेकून द्यायचा का? मुळीच नाही. कडुबाई खरात यांची एकतारी कोणत्याही मोठ्या कंपनीने नव्हे, याच मोबाइलने महाराष्ट्रभर नेली. साधन आपल्या हाती आले आहे. त्यावर काय चढवायचे हे आपण ठरवायचे आहे.

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, वडसा या पट्ट्यात जयंतीला कव्वालीचे मुकाबले होतात, विहारांतून गाणी म्हटली जातात. ती रचणारे कोण? शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ही गाणी अंतऱ्यांसकट उतरवून घ्यावीत. खाली कवीचे नाव आणि गाव लिहावे. कार्यकर्त्यांनी मंचावर गाण्याआधी कवीचे नाव घ्यावे आणि गाणे शेवटपर्यंत म्हणू द्यावे. आकड्यांची यादी हे काम आपल्यासाठी करणार नाही. ते तिचे कामच नाही. ते आपले आहे.