प्रवेश आणि निवड : अमेरिकेतील निवडक विद्यापीठे व ब्रिटिश विद्यार्थ्यांना केले जाणारे मार्गदर्शन – एक चिकित्सा

प्रस्तावना

उच्च शिक्षणातील प्रवेशप्रक्रिया हा वरवर पाहता प्रशासकीय विषय आहे. प्रत्यक्षात मात्र कोणाला विद्यापीठात स्थान द्यावे आणि का द्यावे, याविषयीची त्या समाजाची धारणाच प्रवेशप्रक्रियेतून व्यक्त होत असते. ब्रिटन व अमेरिका या देशांची ज्ञानभाषा एक आहे आणि त्यांच्या विद्यापीठीय परंपरांचे नातेही जुने आहे. त्यामुळे ब्रिटिश विद्यार्थ्याला अमेरिकेतील प्रवेशप्रक्रिया ओळखीची वाटते. आणि ओळखीची वाटते म्हणूनच त्याची फसगत होते. ही फसगत टळावी या हेतूने मार्गदर्शनपर लेखन, शाळांतील व्याख्याने, धर्मादाय संस्थांचे उपक्रम व खाजगी सल्लागार यांचे एक मोठे क्षेत्र ब्रिटनमध्ये उभे राहिले आहे. प्रस्तुत लेखात या मार्गदर्शनाच्या मुळाशी असलेल्या गृहीतकांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी जेरोम कॅराबेल यांच्या ‘द चोझन’ या २००५ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथाचा आधार घेतला असून त्या ग्रंथाच्या मर्यादांचाही परामर्श घेतला आहे.

मे २००० मधील वाद : दोन प्रश्नांची गल्लत

मे २००० मध्ये ब्रिटनमध्ये एक वाद गाजला. इंग्लंडच्या ईशान्य भागातील एका सरकारी शाळेत शिकणाऱ्या हुशार विद्यार्थिनीला ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयाने वैद्यकशास्त्रासाठी प्रवेश नाकारला आणि हार्वर्डने मात्र तिला प्रवेश व आर्थिक साहाय्य दिले. तत्कालीन अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी ऑक्सफर्डवर वर्गीय पक्षपाताची जाहीर टीका केली. विद्यापीठानेही तितकेच कठोर उत्तर दिले. ‘ऑक्सफर्डने नाकारले ते हार्वर्डने ओळखले’ असे या घटनेचे एक सुलभ रूप लोकांच्या मनात रुजले.

या वादातील राजकारण बाजूस ठेवले, तर एक मूलभूत गल्लत दिसून येते. मॉडलिन महाविद्यालयात त्या वर्षी वैद्यकशास्त्राच्या केवळ ५ जागा होत्या आणि त्यांसाठी २२ उमेदवार होते. हार्वर्डमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाचा वर्ग सुमारे १,६०० विद्यार्थ्यांचा असतो आणि प्रवेश कोणत्याही एका विषयाला नव्हे, तर संपूर्ण महाविद्यालयाला मिळतो. अमेरिकेत वैद्यकशास्त्राचे शिक्षण सामान्यतः पदवीनंतर सुरू होते. म्हणजेच दोन विद्यापीठांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिली नव्हती. त्यांच्यापुढील प्रश्नच वेगळे होते. आर्थिक साहाय्याबाबतही हेच घडले. हार्वर्ड गुणवत्तेचे पारितोषिक म्हणून शिष्यवृत्ती देत नाही. कुटुंबाची ऐपत पाहून साहाय्य देते. ब्रिटनमधील चर्चेत मात्र ‘शिष्यवृत्ती’ या शब्दाला बक्षिसाचा अर्थ चिकटला. मंत्री, वृत्तपत्रे आणि विद्यापीठे यांच्या पातळीवर जर अशी गल्लत होऊ शकते, तर सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करता येते.

दोन व्यवस्था, दोन प्रश्न

ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज ‘यूकास’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत केले जातात. विद्यार्थ्याला कमाल पाच पर्याय निवडता येतात. त्यांत ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी सामान्यतः एकाचीच निवड करता येते. अर्ज विशिष्ट विषयासाठी असतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये मुलाखत घेणारे अध्यापक हे पुढे तोच विषय शिकविणारे असतात. प्रवेश बहुधा सशर्त मिळतो आणि ऑगस्टमध्ये ए-लेव्हलचा निकाल लागल्यावर अट पूर्ण झाली की नाही, हे स्पष्ट होते. सारांश, या व्यवस्थेचा प्रश्न असा असतो : हा विद्यार्थी हा विषय शिकण्यास पात्र आहे काय? गुणवत्ता यादीची सवय असलेल्या मराठी वाचकालाही ही पद्धत परकी वाटणार नाही.

अमेरिकेतील निवडक विद्यापीठांत अर्ज वाचण्याचे काम प्रामुख्याने प्रवेश कार्यालयातील पूर्णवेळ अधिकारी करतात. शालेय गुणपत्रके, समुपदेशकाचा अहवाल, शिक्षकांची शिफारसपत्रे, निबंध, शालेतर उपक्रम या साऱ्यांचा एकत्रित विचार होतो. मुख्य विषय बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरविला तरी चालतो. निर्णय वसंत ऋतूत, म्हणजे ए-लेव्हलच्या निकालापूर्वीच, जाहीर होतो. हार्वर्डमध्ये २०२४ साली प्रवेश घेणाऱ्या वर्गासाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश देऊ करण्यात आला; हे प्रमाण सुमारे ३.६ टक्के होते. इतक्या अर्जदारांत अभ्यासक्रम पेलू शकणारे विद्यार्थी उपलब्ध जागांच्या कितीतरी पट असतात. त्यामुळे पात्रतेचा प्रश्न लवकरच मागे पडतो आणि दुसरा प्रश्न पुढे येतो : आपल्याला कसा वर्ग घडवायचा आहे? त्या वर्गात वाद्यवृंदातील वादक हवा असतो, नौकानयनपटू हवा असतो, दूरच्या प्रांतातील विद्यार्थी हवा असतो. ब्रिटिश पद्धत प्रवेश देते, तर अमेरिकी पद्धत निवड करते, असा भेद येथे करता येईल.

रूढ मार्गदर्शनाचा मुख्य दोष हा की, ते या भेदाचे रूपांतर कार्यपद्धतीतील फरकांच्या यादीत करते. कोणती परीक्षा द्यावी, किती शब्दांचा निबंध लिहावा, कोणत्या तारखेपूर्वी अर्ज करावा, ही माहिती आवश्यक आहेच. परंतु प्रश्नच बदलला आहे, हे न सांगता दिलेली माहिती विद्यार्थ्याला जुन्याच समजुतीने नवा अर्ज भरण्यास शिकविते. उत्तम गुण मिळूनही नकार आला की, तो विद्यार्थी त्या नकाराला स्वतःच्या बुद्धीवरील निकाल समजतो.

कॅराबेल यांची मांडणी आणि तिच्या मर्यादा

हा प्रश्न अमेरिकेत केव्हा व का बदलला, याचा इतिहास कॅराबेल यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीन विद्यापीठांच्या आधारे सविस्तर मांडला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या विद्यापीठांतील प्रवेश बव्हंशी परीक्षेवर अवलंबून होता. १९२० च्या सुमारास परीक्षेत यशस्वी होणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढली. हार्वर्डमध्ये त्यांचे प्रमाण पाचव्या हिश्श्याहून अधिक झाले. १९२२ साली अध्यक्ष अ‍ॅबट लॉरेन्स लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला. उघड मर्यादेला विरोध झाला, तेव्हा १९२६ पासून ‘चारित्र्य’ व व्यक्तिमत्त्व यांना महत्त्व देणारी पद्धत स्वीकारण्यात आली. शिफारसपत्रे, छायाचित्रे, मुलाखती, भौगोलिक विविधता ही साधने आज उदार व समग्र मूल्यमापनाची लक्षणे म्हणून गौरविली जातात. त्यांच्या जडणघडणीत वगळण्याच्या हेतूचा मोठा वाटा होता, हे कॅराबेल यांचे महत्त्वाचे प्रतिपादन आहे. गुणवत्तेची व्याख्या ही ती लादण्याचे सामर्थ्य असणाऱ्यांच्या मूल्यांना अनुसरून घडते, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे.

या मांडणीचे मोल निर्विवाद असले, तरी तिच्या काही मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा अशी की, प्रत्येक बदलामागे संस्थेचा स्वार्थ शोधण्याच्या भरात त्याच साधनांचा उलट उपयोगही होऊ शकतो, या बाबीला दुय्यम स्थान मिळते. वगळण्यासाठी घडविलेल्या लवचिक पद्धतीनेच १९६० नंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी दार काही प्रमाणात उघडले, हे स्वतः कॅराबेलही नोंदवितात. दुसरी मर्यादा काळाची आहे. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धती अवैध ठरविली; मात्र वंशाचा आपल्या जीवनावर झालेला परिणाम अर्जदाराने निबंधात मांडण्यास हरकत नसल्याचेही नमूद केले. त्यामुळे निबंधाचे वजन आणखी वाढले. तिसरी मर्यादा दृष्टिकोनाची आहे. ग्रंथाचा केंद्रबिंदू निवडणारी संस्था हा आहे, अर्ज लिहिणारा विद्यार्थी नव्हे. मार्गदर्शकाला मात्र त्या विद्यार्थ्याच्या बाजूने विचार करावा लागतो.

निवेदन आणि निबंध : ‘स्व’ची दोन रूपे

अर्जासोबतच्या लेखनात ही बाजू सर्वाधिक स्पष्ट होते. यूकासच्या वैयक्तिक निवेदनाची मर्यादा ४,००० अक्षरांची आहे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याची विभागणी तीन प्रश्नांत करण्यात आली : हा अभ्यासक्रम का निवडला, शिक्षणातून त्यासाठी कोणती तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर कोणती तयारी केली. तिन्ही प्रश्नांचा रोख विषयाकडेच आहे. येथे लिहिणारा ‘स्व’ हा विषयाचा अभ्यासक म्हणून उपस्थित असतो.

‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ ही १९७५ साली १५ महाविद्यालयांनी सुरू केलेली व्यवस्था आज हजाराहून अधिक संस्था वापरतात. तिच्यातील मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. अडचणीवर केलेली मात, बदललेले मत, कृतज्ञतेचा अनुभव अशा स्वरूपाचे विषय त्यात सुचविलेले असतात. येथे विषयापेक्षा व्यक्ती महत्त्वाची ठरते. विद्यार्थ्याने आपल्या आयुष्यातून एक अर्थपूर्ण कथा निर्माण करावी, अशी अपेक्षा असते. स्वतःविषयी संयमाने बोलावे, या संस्कारात वाढलेल्या ब्रिटिश विद्यार्थ्याला हे अवघड जाते. मग त्याला ‘स्वतःसारखे व्हा’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला वरकरणी निर्मळ आहे. परंतु परीक्षकाला भावेल असा ‘स्व’ घडविण्याची मागणी त्यात दडलेली असते. वेदना, दारिद्र्य वा वियोग यांना अर्जातील भांडवलाचे रूप येण्याचा धोकाही येथेच संभवतो. निबंध हा विशिष्ट वाचकासाठी लिहिला जाणारा लेखनप्रकार आहे, तो आत्म्याचा आरसा नव्हे, हे विद्यार्थ्याला स्पष्टपणे सांगणे अधिक प्रामाणिक ठरेल.

शिक्षकांच्या पत्रांबाबतही हीच अडचण उद्भवते. ब्रिटिश शिक्षकाची मोजकी, तोलून केलेली प्रशंसा यूकासच्या संदर्भात पुरेशी असते. प्रसंग, उदाहरणे व भरघोस गौरव यांची सवय असलेल्या अमेरिकी वाचकाला तीच प्रशंसा थंड वाटू शकते. अनुभवी समुपदेशक असलेल्या खाजगी शाळा हा सूर ओळखतात. साधारण सरकारी शाळेतील शिक्षकाला तो कोणी सांगितलेला नसतो. विद्यार्थ्याचे नुकसान येथे त्याच्या गुणांमुळे होत नाही, तर त्याच्या शिक्षकाच्या शैलीमुळे होते.

खर्च, साहाय्य आणि विषमता

२०२५-२६ साली इंग्लंडमधील देशी विद्यार्थ्यांसाठी शिक्षणशुल्काची कमाल मर्यादा ९,५३५ पौंड होती आणि त्यासाठी सरकारी कर्ज उपलब्ध होते. अमेरिकेतील अग्रगण्य खाजगी विद्यापीठांचा एकूण वार्षिक खर्च ८०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे आणि तेथील संपूर्ण पदवीसाठी इंग्लंडचे सरकारी विद्यार्थिकर्ज मिळत नाही. या आकड्यानेच अनेक कुटुंबे माघार घेतात. वस्तुतः हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी. आणि अ‍ॅमहर्स्ट या संस्था परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता निर्णय घेतात आणि प्रवेश मिळाल्यास गरजेइतके साहाय्य देतात. अशा संस्था मोजक्याच आहेत. अन्य बहुसंख्य ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने साहाय्य मागितल्यास त्याची प्रवेशाची शक्यता कमी होऊ शकते. हा भेद न सांगणारे मार्गदर्शन गरीब विद्यार्थ्याला एक तर विनाकारण घाबरविते किंवा विनाकारण आशा लावते. बंधनकारक पूर्वनिर्णयाच्या पद्धतीत प्रवेश मिळाल्यास इतर अर्ज मागे घ्यावे लागतात व साहाय्याची तुलना करण्याची संधी उरत नाही, हेही सांगितले गेले पाहिजे.

अमेरिकी विद्यार्थ्यांमध्येही ही निवड समान पातळीवर होत नाही. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग व जॉन फ्रीडमन यांच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, प्रवेशपरीक्षेत समान गुण असूनही सर्वाधिक श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात अत्यंत निवडक विद्यापीठांत पोहोचतात. माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना मिळणारे झुकते माप, क्रीडापटूंची निवड आणि शिक्षणेतर गुणांचे मूल्यांकन ही कारणे त्यांनी दाखविली आहेत. या पार्श्वभूमीवर सटन ट्रस्टने फुलब्राइट आयोगाच्या सहकार्याने २०१२ साली सुरू केलेला, सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम उल्लेखनीय ठरतो. जे ज्ञान खाजगी शाळांत आपोआप मिळते, ते इतरांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य असे उपक्रम करतात. तथापि त्यांची पोहोच मर्यादित असणे अपरिहार्य आहे. म्हणूनच सामान्य शाळेतील शिक्षकाची जबाबदारी संपत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ब्रिटिश व अमेरिकी प्रवेशपद्धतींतील खरा भेद कार्यपद्धतीचा नसून प्रश्नाचा आहे. एक विषयासाठीची पात्रता तपासते, दुसरी वर्गाची रचना करते. मार्गदर्शनाचा आरंभ या भेदापासून व्हावयास हवा.

२. समग्र मूल्यमापनाचा इतिहास सांगणे हा मार्गदर्शनाचाच भाग मानावा. तो माहीत असलेला विद्यार्थी नकाराला स्वतःच्या योग्यतेवरील अंतिम शिक्का मानणार नाही आणि प्रवेशालाही निखळ गुणवत्तेचा पुरावा मानणार नाही.

३. निबंध व शिफारसपत्र यांचे संकेत उघड करून शिकविले पाहिजेत. संकेत गुप्त राहिल्यास त्यांचा लाभ ज्यांना ते घरात किंवा शाळेत आधीच मिळाले आहेत, त्यांनाच होतो.

४. आर्थिक साहाय्याची माहिती संस्थानिहाय व स्पष्ट असावी.

परदेशी विद्यापीठांसाठी विद्यार्थ्यांना शिफारसपत्रे देणाऱ्या आपल्याकडील प्राध्यापकांनाही यांतील तिसरा निष्कर्ष लागू पडतो. विद्यार्थ्याला दार दाखविणे एवढेच मार्गदर्शकाचे काम नाही. ते दार कोणी, केव्हा आणि कोणासाठी बांधले, हेही त्याने सांगितले, तर आत जाणारा आणि बाहेर राहणारा असे दोघेही विद्यार्थी आपल्या यशापयशाकडे अधिक समंजसपणे पाहू शकतील.